मुसा बुसी: तोफा, ग्रहणाची रात्र आणि पगाराची तारीख

विचारणाऱ्याचे प्रश्न तीन आहेत. दख्खनमधला फ्रेंच सेनापती बुसी नक्की कोण होता? चंद्रग्रहणाच्या रात्री त्याने नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला, ही गोष्ट खरी की नुसती रंगवलेली? आणि जेमतेम काहीशे गोरे शिपाई हाताशी असताना त्याने निजामाचा दरबार सात वर्षे मुठीत कसा ठेवला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी सांगतो, म्हणजे बाकीचे आपोआप उलगडेल. बुसीच्या तोफांनी लढाया जिंकून दिल्या, पण दरबार राखला तो त्याच्या फौजेच्या पगाराने. त्याच्या दख्खनमधल्या कारकिर्दीतला जवळजवळ प्रत्येक पेच खणत गेलात तर तळाशी थकलेला पगार सापडतो. कधी त्याच्या माणसांचा, कधी निजामाच्या.

आता माणूस. पूर्ण नाव शार्ल जोझेफ पातिसिए, मार्की द बुसी-कास्तेल्नो. मराठी कागदांत तो 'मुसा बुसी' म्हणून येतो. मुसा म्हणजे 'मस्य', फ्रेंचांचे 'श्रीयुत'. (पुढे हैदराबादेत रेमों या फ्रेंच सरदाराचा याच न्यायाने 'मुसा रहमू' झाला.) जन्म उत्तर फ्रान्समध्ये स्वासोंजवळच्या आँसियांविल गावचा. वर्ष कुठे १७१८ मिळेल, कुठे १७२०. घराणे खानदानी, पण पॅरिसच्या दरबारात वजन असलेले नव्हते. अशा घरातल्या मुलाला राजाच्या फौजेत वरची जागा मिळणे कठीण, म्हणून फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदी महासागर गाठायचा हा त्या काळचा रुळलेला मार्ग. खानदानी असूनही तो राजाचा नव्हे, कंपनीचा अधिकारी होता. हा बारकावा लक्षात ठेवा, १७५८ साली तो त्याला नडतो.

नाव झाले ते ३ ऑगस्ट १७४९ च्या अंबूरच्या लढाईत. कर्नाटकचा, म्हणजे अर्काटचा, नवाब अन्वरुद्दीन एका बाजूला. नवाबीवर हक्क सांगणारा चंदासाहेब, पहिला निजाम निजामुल्मुल्क याचा नातू मुजफ्फरजंग आणि फ्रेंच दुसऱ्या बाजूला. फ्रेंचांचे दोन हल्ले परतवले गेले, सेनापती दोतेई जखमी झाला, तिसरा हल्ला बुसीने चढवला आणि मोर्चे घेतले. अन्वरुद्दीन तिथेच पडला.

पण मराठी वाचकाने थांबून पाहावे ते पुढच्या वर्षीच्या जिंजीकडे. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला आणि राजाराम महाराजांच्या काळात मोगलांना १६९० पासून १६९८ पर्यंत झुंजवलेला तोच किल्ला. ११ सप्टेंबर १७५० च्या रात्री बुसीने तो सूर्यास्त ते सूर्योदय एवढ्या वेळात घेतला. याचे श्रेय कुणी फ्रेंच तोफांना देते, कुणी नशिबाला. प्रत्यक्षात काय घडले ते क्रमाने पाहू.

आधी बाहेर मोहम्मद अलीची, म्हणजे अन्वरुद्दीनाच्या मुलाची, फौज मोडली. पळणारे लोक गावाच्या तटात शिरले, त्यांच्या पाठोपाठ बुसीची अडीचशेच्या आसपास गोऱ्यांची आणि हजारभर गाडद्यांची, म्हणजे फ्रेंच कवायत शिकलेल्या देशी शिपायांची, आघाडी दरवाजापर्यंत पोचली. दरवाजा उडवायला त्यांनी जे वापरले ते घंटेच्या आकाराचे, दारूने ठासलेले धातूचे भांडे. त्याचे तोंड जाड फळीवर बसवायचे, फळी दरवाजाला टेकवून टांगायची, वात पेटवायची आणि पळायचे. स्फोटाचा सगळा जोर फळीतून दरवाजात जातो. यात मरतात ते बहुधा टांगणारेच, कारण वरून गोळीबार चालू असतो. दरवाजा फुटला, गाव हाती आले. पण राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग या तिन्ही टेकड्यांवरून मारा सुरू झाला. इथे बुसीने केले ते असे की, काहीच केले नाही. पौर्णिमा चार-पाच दिवसांवर होती, चंद्र मावळायला मध्यरात्र उलटणार होती. तोवर माणसे भिंतींच्या आडोशाला बसवून ठेवली आणि अंधार होताच तिन्ही टेकड्यांवर तीन तुकड्या एकाच वेळी चढवल्या. जिंजीची मजबुती तिन्ही टेकड्या एकमेकींना पाठबळ देतात यात आहे. तिन्हींवर एकदम हल्ला झाला की कुणीच कुणाच्या मदतीला जाऊ शकत नाही. त्यात वरची शिबंदी दिवसा आपलीच फौज मोडताना पाहून आधीच खचलेली. मोगलांना जिथे सात-आठ वर्षे लागली तिथे आत राजाराम महाराजांची माणसे होती आणि बाहेर रसद तोडायला संताजी-धनाजी होते, हे विसरून दोन वेढ्यांची तुलना करू नये.

जिंजी पडल्यावर राजकारण वेगाने फिरले. डिसेंबर १७५० मध्ये निजामुल्मुल्काचा मुलगा आणि दख्खनचा तेव्हाचा सुभेदार नासिरजंग त्याच्याच पठाण नवाबांच्या फितुरीत मारला गेला आणि मुजफ्फरजंग दख्खनचा सुभेदार झाला. जानेवारी १७५१ मध्ये त्याला घेऊन बुसी निघाला. सोबत साधारण ३०० गोरे आणि २,००० गाडदी. महिना-सव्वा महिन्यात कडप्याच्या मुलखात त्याच नवाबांशी चकमक झाली आणि मुजफ्फरजंगही ठार. सुभेदार मेला, त्याचा मुलगा अजाण, फौज कुणाची याचाच पत्ता नाही. अशा वेळी घाबरलेली फौज पगारासाठी सरदारांचे तंबू लुटते. बुसीने छावणीतच कैदेत असलेल्या सलाबतजंगाला, निजामुल्मुल्काच्या एका हयात मुलाला, त्याच दिवसांत मसनदीवर बसवले. जून १७५१ मध्ये ही स्वारी औरंगाबादेत पोचली. 'गझनफर जंग' वगैरे किताब बुसीला याच दरबाराने दिले.

आता लढाईचे तंत्र, कारण ग्रहणाच्या रात्रीचे त्याशिवाय कळणार नाही.

आपल्याकडे तोफा लहान होत्या म्हणून हरलो, हा गैरसमज. आपल्या तोफा फार मोठ्या होत्या. एकेक ओढायला बैलांच्या रांगा, चढावर मागून रेटायला हत्ती, आणि एकदा रोखली की वळवणे अवघड. दारू पळीने मोकळी भरायची, मग गोळा, मग ठासणी. पाव तासाला एक बार निघाला तरी गोलंदाज खूश. फ्रेंचांची मैदानी तोफ चार पौंडी गोळ्याची, नळी साधारण ३०० किलोची. बैल सुटले तरी माणसांनी दोर लावून ओढता येणारी. दारू मोजून पिशवीत बांधलेली, त्यामुळे मिनिटाला दोन-तीन बार सहज. शत्रू जवळ आला की गोळ्याऐवजी छर्‍यांचा पत्र्याचा डबा. तो तोंडातून बाहेर पडताच फुटतो आणि दोन-तीनशे मीटरांपर्यंत घोडदळाची आघाडी झोपवतो.

पायदळाचेही तसेच. मराठी आणि मोगली बरकंदाजाकडे तोड्याची बंदूक, नेमाला उत्तम, भरायला सावकाश, पावसात आणि अंधारात जळता तोडा सांभाळणे ही वेगळीच कटकट. फ्रेंच बंदूक चकमकीची. कागदी काडतूस दाताने तोडायचे, चिमूटभर दारू रंजकासाठी, उरलेली नळीत, मग गोळी, गजाने ठासणी. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढतो, धुरात आणि गोंधळात दोन धरा. ऐंशी-शंभर मीटरांपलीकडे या बंदुकीला नेम म्हणून नसतो. म्हणूनच एकटा शिपाई निरुपयोगी आणि शंभर जण एका इशाऱ्यावर बार काढत असतील तर ती भिंत. वर नळीच्या तोंडाशी संगीन, म्हणजे बार संपला तरी घोडा जवळ येत नाही. हे सगळे कवायतीवर उभे आहे, आणि कवायत रोज करून घ्यायची तर शिपाई बाराही महिने छावणीत हवा. दसऱ्याला निघून पावसाळ्यात शेतावर परतणारा शिलेदार यात बसत नाही. इथे पुन्हा पगार येतोच.

या फौजेची कमजोरीही सांगितली पाहिजे. ती स्वतः पळणाऱ्याला गाठू शकत नाही. तिचे बैल मेले की तोफा जागीच. दारू भिजली की भिंत कोसळली. चारा-लाकूड आणायला बाहेर पडणारी कही मारली की दोन-तीन दिवसांत छावणी उपाशी. आणि निजामाच्या फौजेमागे बाजारबुणगे इतके की आघाडी मुक्कामाला पोचते तेव्हा पिछाडी अजून निघायची असते. मराठ्यांची पिढीजात लढाई नेमकी या दुखऱ्या जागी बोट ठेवणारी.

१७५१ च्या पावसाळ्यानंतर नानासाहेबांनी सलाबतजंगाविरुद्ध आघाडी उघडली, दिल्लीत असलेल्या गाजीउद्दीनाचा, म्हणजे थोरल्या भावाचा, हक्क पुढे करून. निजामशाही रिवाज असा की औरंगाबादेत बसून मराठ्यांची वाट पाहायची आणि शेवटी चौथाई देऊन मोकळे व्हायचे. बुसीने उलटा सल्ला दिला: थेट पुण्यावर चाला. जड सामान अहमदनगरात टाकले आणि स्वारी पारनेरच्या बाजूने पुढे सरकली. मराठे सभोवार घिरट्या घालत होते, दिवसा तोफांसमोर न ठरता कही आणि पिछाडी मारत होते. बुसीच्या दृष्टीने यावर एकच उपाय होता: मराठ्यांना अशा वेळी गाठायचे जेव्हा ते घोड्यावर नसतील.

ती वेळ ग्रहणाने दिली. तारखेबद्दल पुस्तकांत जो घोळ दिसतो त्याचे कारण साधे. इंग्रजांनी नवी दिनदर्शिका १७५२ मध्ये घेतली, त्यामुळे जुन्या पद्धतीची २१ नोव्हेंबर आणि नव्या पद्धतीची २ डिसेंबर १७५१ हा एकच दिवस आहे. गणित करून पाहा, त्या रात्री पौर्णिमाच पडते. कुकडीकाठच्या छावणीत ग्रहणाचे स्नान, जप, दाने चाललेली. घोडी खोगिरे उतरवलेली. नेमका तेव्हा बुसीचा हल्ला आला. नानासाहेब निसटले. त्यांची पूजेची सोन्या-चांदीची उपकरणी मात्र मोगलांच्या, म्हणजे निजामाच्या फौजेच्या, हाती लागली. तेव्हा छापा खरा आहे.

खरी नाही ती त्याच्यापुढे जोडली जाणारी कथा, की त्या रात्री मराठी फौजेचे कंबरडे मोडले. घोडदळ अंधारात पांगते तेव्हा लुटले जाते ते सामान. माणूस आणि घोडा वाचतात आणि दोन दिवसांत पुन्हा जमतात. बुसीकडे पाठलागाला स्वतःचे घोडदळ नव्हते, निजामाचे घोडदळ लुटीत अडकले. मोगलांनी तळेगाव ढमढेरे जाळून बेचिराख केले, आणि आठवड्याच्या आतच भीमेकाठच्या कोरेगावाजवळ, जिथे पुढे १८१८ ची लढाई झाली तिथेच, मराठ्यांनी त्यांच्यावर इतका जोराचा हल्ला चढवला की फ्रेंच तोफा नसत्या तर सलाबतजंगाची फौज तिथे संपली असती. तिकडे त्र्यंबकचा किल्ला मराठ्यांनी घेतला होता, वऱ्हाडात रघूजी भोसले गावे घेत सुटले होते. पुणे अगदी दृष्टीच्या टप्प्यात असताना जानेवारी १७५२ मध्ये तह झाला आणि स्वारी परतली.

का परतली? निजामाच्या फौजेचा पगार थकला होता म्हणून. शिपाई पुढे जायला तयार नव्हते. एप्रिल १७५२ मध्ये भालकीला याच थकबाकीवरून शिपायांनी दिवाण रामदासपंताला, म्हणजे राजा रघुनाथदासाला, ठार मारले. बुसीला दरबारात धरून ठेवणारा सर्वांत भरवशाचा माणूस असा गेला.

ही पगाराची यंत्रणा कशी होती ते थोडक्यात. सरदाराला जहागीर, सरदाराने त्यातून स्वार ठेवायचे. खजिन्यातून द्यायचे असेल तर रोख क्वचित, बहुधा वरात, म्हणजे अमुक परगण्याच्या वसुलीतून इतके घ्या असा कागद. वरात घेऊन गेले की तिथला आमील म्हणतो, पीक बुडाले. मग शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरतात, सरदार दिवाणाच्या. वर्षानुवर्षे सहा-आठ महिन्यांचा पगार थकलेला असणे हीच रीत. अशा दरबारात एक तुकडी अशी होती जिला दरमहा पैसे मिळत: बुसीची. त्यामुळे ती उठत नसे, आणि सलाबतजंग रात्री झोपू शकत असे. निजामाला फ्रेंच हवे होते ते मराठ्यांपासून रक्षणासाठी, आणि त्याच्या दुप्पट स्वतःच्या फौजेपासून रक्षणासाठी.

ऑक्टोबर १७५२ मध्ये गाजीउद्दीन औरंगाबादेत विषप्रयोगाने मेला. त्याने पेशव्यांना जे कबूल केले होते ते नोव्हेंबरात भालकीच्या तहाने सलाबतजंगाला द्यावे लागले: वऱ्हाडाच्या पश्चिमेचा, तापी आणि गोदावरी यांमधला मुलूख. ग्रहणाच्या रात्रीनंतर वर्षभरातच खानदेश आणि नाशिककडचा भाग मराठ्यांकडे आला. मोहिमेचा शेवटचा हिशेब हा आहे.

१७५३ च्या सुरुवातीला बुसी आजारी पडून मच्छलीपट्टणला गेला. दिवाण सय्यद लष्करखानाने संधी साधली. त्याने फ्रेंचांवर तलवार उगारली नाही. 'वसुलीला मदत' या नावाखाली त्यांच्या तुकड्या दूरदूर पांगवल्या आणि पगार रोखला. पगार थकल्यावर गोरा शिपाईही गावे लुटू लागतो, मग त्याच लुटीची तक्रार करून त्याला हाकलता येते. डाव चोख होता. बुसी परत आला, पांगलेल्या तुकड्या गोळा करून औरंगाबादेकडे चालला आणि त्या वर्षाच्या शेवटी त्याने जे पदरात पाडून घेतले ते त्याच्या साऱ्या विजयांपेक्षा मोलाचे: मुस्तफानगर, एल्लोर, राजमहेंद्री आणि चिकाकोल हे किनाऱ्यावरचे चार सरकार, म्हणजे जिल्हे, फौजेच्या खर्चासाठी. वरात नाही, दिवाणाची मध्यस्थी नाही. वसूल फ्रेंचांनीच करायचा आणि आपल्या माणसांना वाटायचा. शिवाय मच्छलीपट्टणचे बंदर आधीपासून हाती होते, म्हणजे दारूगोळा आणि नवे शिपाई त्याच वाटेने हैदराबादला. तोफ, बंदर आणि वसूल एका रेषेत आले. १७५४ मध्ये पॅरिसने पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याला माघारी बोलावले तरी बुसी टिकला तो यामुळे. ऑगस्टमध्ये त्याच्या जागी आलेल्या गोदहूला इंग्रजांशी तह हवा होता, पण चार सरकारांवर पाणी सोडायची त्याचीही तयारी नव्हती.

व्यवस्थेत एक भेग होतीच. वसूल कागदावर असतो तसा जमिनीवर नसतो. उत्तरेकडचे जमीनदार सक्तीशिवाय देत नसत. तिथला बुसीचा भरवशाचा माणूस विजयनगरमचा विजयराम राजू, आणि त्याचे बोब्बिलीच्या घराण्याशी जुने वैर. जानेवारी १७५७ मध्ये बुसीच्या तोफा बोब्बिलीच्या किल्ल्यावर चालल्या त्या या भांडणात. आतल्यांनी आपल्या बायका-मुलांना स्वतः मारून अखेरपर्यंत झुंज दिली, आणि दोन-तीन दिवसांत तांड्र पापारायुडूने विजयराम राजूला त्याच्याच तंबूत ठार केले. तेलुगू मुलखात आजही ही गाथा गायली जाते, आणि तिच्यात बुसी नायक नाही. वसुलीच्या हिशेबाने पाहिले तर तो जिंकून तोट्यात गेला: भरवशाचा जमीनदार गमावला.

त्याआधी, १७५६ मध्ये, सावनूर. इथली गंमत अशी की पेशवे आणि निजाम एकाच बाजूला होते. बुसीच्या हाताखाली तयार झालेला मुजफ्फरखान गाडदी पेशव्यांकडे येऊन तिथूनही फुटला होता आणि सावनूरच्या नवाबाकडे गेला होता. वेढा बुसीच्या तोफांनी मिटवला, मे महिन्यात. आणि काम झाल्याझाल्या नवा दिवाण शहानवाजखान याने बुसीला चाकरीतून काढले. हा तोच 'मासिर-उल-उमरा' लिहिणारा विद्वान. बुसीने वाद घातला नाही, शांतपणे मच्छलीपट्टणच्या वाटेला लागला. नानासाहेबांनी त्याला आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला. ते जमले नाही तरी सोबतीला होळकरांच्या हाताखाली स्वार दिले. आज ना उद्या हा माणूस उपयोगी पडेल, हा हिशेब त्यात स्पष्ट आहे.

हैदराबादजवळ आल्यावर मात्र त्याचे गाडदी पळू लागले. शहानवाजखान मुजफ्फरखानाकरवी त्यांना जादा पगाराचे आमिष दाखवत होता. बुसीने शहरातल्या चारमहालात ठाण मांडले. मोठी बाग, भक्कम भिंती, पाण्याची सोय. जून ते ऑगस्ट १७५६ तो तिथे अडकून पडला, सलाबतजंगाची फौज सभोवार. त्याने चढाई केली नाही. त्याची मदार किनाऱ्यावरून येणाऱ्या लॉ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या तुकडीवर होती. ती वाटेतली फौज कापत पोचली आणि चार दिवसांत सलाबतजंगाने त्याला पुन्हा मानाने चाकरीत घेतले. गोरे शेवटपर्यंत टिकले, गाडदी मोठ्या संख्येने गेले. कवायत शिकवता येते. निष्ठा मात्र पगार देणाऱ्या हाताकडे बघते, आणि त्या पावसाळ्यात कुणाचा हात भरलेला आहे हे गाडद्यांना कळत नव्हते.

१७५७ च्या पावसाळ्यात त्याने विशाखापट्टणमची इंग्रज वखार घेतली. वर्षअखेर मराठ्यांनी सिंदखेडला निजामाला कोंडले. शहानवाजखान दौलताबाद बळकावून बसला होता आणि सलाबतजंगाचा भाऊ निजाम अली पुढे सरसावत होता. बुसी किनाऱ्यावरून लांब मजल मारत औरंगाबादेत आला आणि त्याने दौलताबाद युक्तीने घेतले. पण ११ मे १७५८ रोजी निजाम अलीने हैदरजंगाला ठार केले. हा बुसीचा दिवाण; त्याचे कान, डोळे आणि फारसी जीभ. त्याच दिवशीच्या दंग्यात शहानवाजखानही मारला गेला. हैदरजंग गेल्यावर दरबारात कोण काय बोलतो हे बुसीला कळेनासे झाले. महिन्याभरात लालीचे पत्र आले: दख्खन सोडून ताबडतोब या.

लाली राजाचा लेफ्टनंट जनरल, त्याच्याबरोबर आलेले कर्नल बड्या घराण्यांतले. कंपनीच्या अधिकाऱ्याचा हुद्दा त्यांच्यापुढे खालचा. इथे फ्रेंच उमरावशाहीची एक बरी बाजू दिसते: देस्तँ, क्रियाँ अशा सहा कर्नलांनी स्वतः लिहून दिले की बुसी आमच्या वर असावा. लालीला तो आवडला नाही तो नाहीच. त्याला मद्रास हवे होते, दख्खन त्याच्या लेखी पैसे गिळणारे खूळ. परिणाम लगेच दिसला. चार सरकार कॉन्फ्लाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या ताब्यात दिले होते; डिसेंबर १७५८ मध्ये इंग्रज कर्नल फोर्डने त्याला कोंडूरला हरवले, एप्रिल १७५९ मध्ये मच्छलीपट्टण घेतले, आणि मे महिन्यात सलाबतजंगाने तोच किनारा इंग्रजांना लिहून दिला. २२ जानेवारी १७६० ला वांदिवाशच्या लढाईत घोडा पडल्यावर संगिनी घेऊन पायी चढाई करणारा बुसी इंग्रजांच्या हाती सापडला. सलाबतजंग १७६२ मध्ये निजाम अलीच्या कैदेत गेला आणि पुढल्या वर्षी बिदरला मेला.

बुसी गेला, त्याचे शिपाई राहिले. 'गाडदी' किंवा 'गारदी' हा शब्द फ्रेंच 'गार्द'वरून आला. बुसीच्या तालमीतून निघालेला इब्राहिमखान निजाम अलीकडून सदाशिवरावभाऊंकडे आला आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्याच्या गाडद्यांनी सकाळभर रोहिल्यांना कापून काढले. ज्या कमजोरीने बुसीला कोरेगावात अडवले तीच तिथे: पायदळाची भिंत उभी राहते, पण तिच्या फळ्या घोडदळाने सांभाळायच्या असतात, आणि कवायती पायदळाशेजारी थांबून लढायची सवय आपल्या स्वारांना नव्हती. गोल, म्हणजे तोफा आणि पायदळाभोवती बांधलेली मराठी फौजेची रचना, मोडला तो तिथून. आणखी बारा वर्षांनी शनिवारवाड्यात नारायणरावांवर धावून गेलेले गाडदी थकलेल्या पगाराचाच आरडाओरडा करत आत शिरले होते.

शेवटचा अंक फारसा सांगण्यासारखा नाही. फ्रान्समध्ये बुसी श्रीमंत म्हणून राहिला. लालीशी त्याचा कागदोपत्री तंटा लालीचा १७६६ मध्ये शिरच्छेद होईपर्यंत चालला. मार्च १७८३ मध्ये तो पुन्हा पोर्टो नोव्होला उतरला, आता लेफ्टनंट जनरल, साठी ओलांडलेला, संधिवाताने जखडलेला, सोबत सव्वादोन हजारांच्या आसपास माणसे. हैदर अली आदल्या डिसेंबरात मेला होता, टिपू पश्चिम किनाऱ्यावर गुंतला होता, आणि सालबाईच्या तहाने मराठे इंग्रजांविरुद्धच्या लढाईतून बाहेर पडले होते. १३ जूनला कडलूरला त्याने इंग्रजांचे भारी नुकसान केले, पण रात्री बाहेरचे मोर्चे सोडून तटाआड गेला. जिंजीला चंद्र मावळायची वाट पाहून चढणारा माणूस आता अंधाराचा उपयोग मागे सरायला करत होता. जुलैच्या सुरुवातीला युरोपातून तहाची बातमी आली. ७ जानेवारी १७८५ ला पाँडिचेरीत तो वारला.

त्याच सुमारास, १७८४ मध्ये, महादजी शिंद्यांनी द ब्वान्य हा सावोयचा अधिकारी चाकरीत घेतला. त्याच्या पलटणींच्या खर्चासाठी पुढे दुआबातला मुलूख तोडून दिला, आणि त्याचा वसूल द ब्वान्यच्याच हाती ठेवला.